ड्रोनला कपाळ कुठे असते?

तंजावूर, मेल वीधी
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप अंबुजाक्कास,

हनुमंताचा साष्टांग नमस्कार. (कागदावर आठही अंगे हजर आहेत. प्रत्यक्षात डावा गुडघा आषाढापासून जमिनीला लागत नाही, तेव्हा सात धरून चाल.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींची शुगर डॉक्टरांचे ऐकते की अजून बाकरवडीचेच? इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. क्षेम वगैरे काही नाही. मी गेला आठवडाभर रागावलेला आहे, इतका की कामाक्षीने माझ्या कॉफीत साखर घालणे बंद केले. म्हणते, कशीही दिली तरी ओरडणारच, मग साखर का वाया घालवू?

कारण सांगतो. ओरत्तनाडूकडे आपली जमीन आहे तिथल्या शेतकऱ्यांचा एक संघ आहे. गुरुमूर्ती त्याचे अध्यक्ष आणि मी चिटणीस. (ज्याला हार घालतात तो अध्यक्ष, ज्याला हार आणायला पिटाळतात तो चिटणीस.) या संघाने यंदा भातावर औषध फवारायला ड्रोन घेतला. लग्नात डोक्यावर घोंघावून जेवणाऱ्यांची तोंडे टिपतो तो ड्रोन डोळ्यांसमोर आणू नकोस. हे सहा हातांचे धूड आहे, पोटाशी दहा लिटरची टाकी, उचलायला दोन माणसे. आणि ते उडवायचा परवाना अख्ख्या संघात एकाच माणसाकडे आहे, आपल्या सौम्याकडे. त्रिचीला जाऊन शिकली, परीक्षा दिली, पहिल्या झटक्यात पास झाली. बांधावर उभी राहून दोन अंगठ्यांनी ती ते धूड असे फिरवते की मी दुखरा गुडघा विसरून चवड्यांवर उभा राहतो. मुलीचे कौतुक चारचौघांत करायची मला सवय नाही हे तू जाणतेस. (फक्त टाउन बसच्या कंडक्टरला सांगितले. आणि त्याच्या मागे बसलेल्यांना.)

विजयादशमीला पहिली फवारणी ठरली. आदल्या दिवशी आयुधपूजेला यंत्र आमच्याच ओसरीवर होते. विळे, कोयते, माझी मोपेड आणि कामाक्षीचा मिक्सर यांच्या पंक्तीत बसून त्याने पूजा घेतली. दशमीला सकाळी उडाले, गुरुमूर्तींचे शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारले, परत आले. उतरताना जमिनीपासून कंबरभर उंचीवर ते थबकले. जरा वर गेले. पुन्हा खाली आले. चालत्या बसमधून उतरू की नको अशा म्हाताऱ्यासारखे त्याने दोनदा पाय पुढे-मागे केले, आणि मग डावीकडे कलंडून धाडकन बांधावर. दोन पंखे तुटले, एक पाय मोडला, टाकीत उरलेले औषध गुरुमूर्तींनी नेसलेल्या नव्या कोऱ्या वेष्टीवर. (एवढा एक भाग मला मनापासून आवडला.) सौम्या धावली, यंत्र उलटे करून कालव्याच्या पाण्याने पुसू लागली. मला वाटले, पोर घाबरली, हाताला काहीतरी काम हवे म्हणून पुसते आहे.

आणि मग, अक्का, निदान सुरू झाले. आपल्या लोकांना रोग बरा करता येत नाही, पण निदान करायला कुणी मागे राहत नाही. कामाक्षी म्हणाली, राहुकाळात उडवले. एकाने नारळाच्या झाडांवर बोट ठेवले, जी तिथे चाळीस वर्षे कुणालाही न पाडता उभी आहेत. आणि गुरुमूर्ती वेष्टी पिळत म्हणाले, "रावजी, मनाला लावून घेऊ नका. मुलीचाच हात तो, थरथरला असेल." थरथरला! ज्या माणसाला स्वतःच्या चपला घालताना भिंत धरावी लागते, त्याने माझ्या मुलीच्या हाताबद्दल बोलावे! त्यांच्या जावयाने गेल्याच महिन्यात त्रिचीला त्याच परवान्यासाठी नाव घातले आहे, हे त्यांना त्या क्षणी अर्थातच आठवत नव्हते.

तिसऱ्या दिवशी बंगळूरहून कंपनीचा चेतन नावाचा इंजिनीअर आला. सभ्य माणूस. प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर' लावतो. त्याने नवे पंखे बसवले, पाय बदलला आणि मला कागदावर चित्र काढून समजावले: यंत्र उंचावर असते तोवर त्याला उपग्रह सांभाळतात, जमीन जवळ आली की ते पोटाखालच्या डोळ्याने स्वतः बघून उतरते. मग एकेक गोष्ट बदलून त्याने ते अकरा वेळा उडवले. बॅटरी बदलली, टाकी रिकामी केली, भरली, जागा बदलली, वाऱ्याकडे तोंड, वाऱ्याकडे पाठ. अकराही वेळा ते कोंबडीने अंड्यांवर बसावे तसे अलगद बसले. यंत्रातली नोंद स्वच्छ, तारा ठीक, मोटारी ठीक. अपघाताला कारणच नाही! आणि कंपन्यांचा एक नियम आहे तो लिहून ठेव: जेव्हा कारण सापडत नाही तेव्हा कारण माणूस असते. चेतनने मान खाली घालून अहवाल लिहिला. चालकाची चूक, सहा महिने उड्डाण बंद. म्हणजे सांबा भाताचा अख्खा हंगाम तिच्या हातून गेला, आणि तोवर जावईबापू परवाना खिशात घालून आपल्या बांधावर उभे.

मी जो भडकलो तो आजतागायत विझलेलो नाही. संघाच्या कचेरीत जाऊन मी असा आवाज लावला की बाहेरचा शहाळी सोलणारा इळनीरवाला कोयता खाली ठेवून ऐकत राहिला. मी म्हणालो, कारण शोधा! मी म्हणालो, दोषी कोण ते ठरवा, आणि तो कोणीही असो, येत्या शुक्रवारी सर्व सभासदांपुढे त्याचे नाव मोठ्याने वाचा! ठराव मीच लिहिला, अक्षर माझेच, आणि इतक्या वर्षांत एकमताने मंजूर झालेला तो पहिला ठराव. हे करून घरी आलो. पूजेच्या दिवशी यंत्र कसे धडधाकट होते ते कंपनीच्या तोंडावर मारावे म्हणून कामाक्षीकडे त्या दिवसाचे फोटो मागितले.

अक्का, आता हळू वाच.

पूजा मीच करतो हे तुला माहीत आहे. आपल्या अप्पांनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक आयुधाचे कपाळ शोधायचे आणि तिथे गंध लावायचे. विळ्याला मूठ आहे, मोपेडला दिवा आहे, मिक्सरला बटण आहे. पण ड्रोनला कपाळ कुठे असते? सहा हात, सगळे सारखे. मी त्याला चहूकडून पाहिले, कलते करून पाहिले, तर पोटाखाली एक गोल, काळेभोर, चकचकीत भिंग. आले लक्षात, म्हटले, हे याचे तोंड! फोटोत सगळे स्पष्ट आहे. तीन बोटे चंदन, गणपतीलाही कधी लावले नाही एवढे जाड, आणि वर रुपयाएवढे कुंकू. बिचारे यंत्र जमीन शोधत होते आणि त्याला चंदन दिसत होते.

मी फोटो घेऊन सौम्याकडे गेलो. तिने पाहिला, आणि चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "अप्पा, मला त्याच दिवशी कळलं. मी पुसलं, म्हणून तर कुणाला सापडलं नाही." मग मला, स्वतःच्या बापाला, म्हणते, "मी अहवालावर सही केली आहे. तुम्ही उगे बसा." का, तर वीस वर्षे मी या गावात सगळ्यांच्या चुका काढत आलो आहे, मी एकदा हसण्याचा विषय झालो तर मला घराबाहेर तोंड काढता येणार नाही, ती मात्र सहा महिन्यांनी पुन्हा उडवेल. चोवीस वर्षांची पोर मला झाकून ठेवते आहे! माझा राग आता कुणावर आहे म्हणून विचारशील, तर सगळ्यांवर. तिच्यावर, कारण न विचारता मोठी झाली. कंपनीवर, कारण डोळा पोटाखाली कोण ठेवते? आणि एका चिटणिसावर, ज्याचे नाव मी इथे घेत नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
हनुमंत

ता. क. हे लिहून झाल्यावर शर्ट चढवला आणि गुरुमूर्तींकडे जाऊन, चेतनसमोर, सगळे कबूल केले. चंदन, कुंकू, तीन बोटे, सगळे. विश्वास कुणी ठेवला नाही. गुरुमूर्तींनी डोळे पुसले. "रावजी, मुलीसाठी बाप काय काय डोक्यावर घेतो!" म्हणून मला मिठी मारली. (मला!) चेतन म्हणाला, "सर, फार मोठं मन आहे तुमचं, सर. पण अहवाल बदलायला पुरावा लागतो, सर." आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःची चूक कबूल करायला गेलो आणि थोर ठरून परत आलो.

ता. क. २. पुरावा आणायला घरी धावलो, तर कामाक्षीने फोटो पुसून टाकला होता आणि सौम्याने तो फोनच्या कचऱ्यातूनही काढला होता. मायलेकींनी मिळून माझी अब्रू वाचवली आहे. ही पाने मी तुला फोनवर फोटो काढून पाठवतो आहे. बोललो तर दोघी ऐकतील, देवनागरी मात्र दोघींनाही वाचता येत नाही. आता खरे काम ऐक. पूजेच्या दिवशी कामाक्षीने तुला एकेचाळीस फोटो पाठवले होते. तू ते उघडले नाहीस हे मला पक्के माहीत आहे, कारण अर्ध्या मिनिटात तुझे जोडलेले हात आले. ते आता उघड. बहुधा एकोणतिसावा: मी वाकलेलो, पोट अर्धे वेष्टीबाहेर, तीन बोटे त्या डोळ्यावर. तो चेतनला पाठव आणि संघाच्या गटावरही टाक, त्याचा नंबर आणि गटाची लिंक खाली देतो. पोट झाकायला कडा कापू नकोस, चेहराही जाईल. गुरुवारी संध्याकाळच्या आत पोचायला हवा, शुक्रवारी तिचे नाव वाचतील. आणि उत्तर म्हणून मला जोडलेले हात पाठवू नकोस. फोटो पाठव.