करंट आला म्हणजे काय आले?

१२ ऑगस्ट १९९९, गुडीहत्नूर

जळाली! गिरणीची मोटर तिसऱ्यांदा जळाली! तीन वर्षांत तीन वेळा!

सकाळी करंट आला. बल्ब लख्ख पेटला. मी नेहमीसारखी ओरडले – "आला!" – आणि ह्यांनी स्टार्टर दाबला. मोटर फिरलीच नाही. नुसती गूं गूं. मग तो जळक्या वार्निशचा वास. अकरा बायांचे ज्वारीचे डबे तसेच परत गेले.

मी ह्यांना नको नको ते बोलले. "तुमचा हातच जड हाय! स्टार्टर दाबता का मुसळ मारता?" हे नुसते फडक्याला हात पुसत उभे राहिले. त्याचा मला आणखी राग.

जेवताना मात्र बोलले – "भरून आणतो अजून एक डाव. पण राही, आता जळाली का गिरणी इकून टाकू. निर्मल गावचा एक मानूस घ्याले तयार हाय. मी कापसाच्या जिनिंगवर जाईन कामाले."

विकू? ही गिरणी? पहिल्या दिवशी पट्टा मी चढवला होता. मुळीच नाही विकणार.

१४ ऑगस्ट

मोटर भरायला आदिलाबादला नेली. मी सोबत गेले, मुद्दाम. जळालेली तार काढून नवी गुंडाळतो, त्याला सगळे 'भरणे' म्हणतात. भरणारा म्हणाला, "तुमच्या गावचा करंटच खराब आहे बाई." करंट खराब म्हणजे काय हो? दूध आहे का नासायला? तसे विचारले. तर हसून ह्यांच्याकडे बघतो आणि म्हणतो, "त्यांना नाही समजणार."

बस! किनवटच्या शाळेत दहावीला गणितात पंच्याऐंशी मार्क होते माझे. मला नाही समजणार म्हणे!

बसस्टँडकडे येताना नवी पाटी दिसली. 'इंटरनेट – जगातील सर्व माहिती.' हे म्हणाले, गाडी निघून जाईल. म्हटले, जाऊ द्या.

आत सुधाकरराव म्हणून गृहस्थ. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. "काय पाह्यजे ताई?" म्हटले, मोटर काऊन जळते ते पाह्यजे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "इथं लोकं निकाल इचारते, क्रिकेट इचारते. मोटर पयल्यांदाच!"

यंत्र आधी किंचाळले, मग पान आले. चित्र एकदम दिसत नाही, वरून खाली हळूहळू उतरते. मी आणि सुधाकरराव त्याच्याकडे टक लावून. परदेशातल्या कुठल्याशा मास्तरांनी मुलांसाठी लिहिलेले धडे आहेत – बॅटरी, बल्ब, तार. सगळे इंग्रजीत. सुधाकरराव म्हणाले, "मले उघडता येते. वाचाचं तुमचं तुमी पाहा." पहिले दोन धडे छापून दिले. हे बाहेर बाकावर बसून पेंगत होते.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. शाळेतून डिक्शनरी मागून आणली. गुरुजींनी विचारले, कशाला? म्हटले, गिरणीला.

२१ ऑगस्ट

सहा दिवस एकाच वाक्याने छळले आहे. लिहून ठेवते – 'करंट वाहत नसला तरी व्होल्टेज असू शकते.' म्हणजे करंट नसताना करंट असतो? डोके फिरायची वेळ आली. ह्यांना वाचून दाखवले. म्हणाले, "काऊन डोकं खपवून राह्यली? करंट म्हंजे करंट. आला का येते, गेला का जाते."

सगळ्या जिल्ह्यात असेच बोलतात. मराठी असो, तेलुगू असो – करंट आला, करंट गेला.

२२ ऑगस्ट

समजले! समजले! समजले!

रिकाम्या गिरणीत बसले होते. वरच्या पत्र्याच्या डब्यात त्या दिवशी ओतलेली आमच्या घरची ज्वारी अजून पडून आहे. खालची फळी बंद. ज्वारीचा भार फळीवर आहेच की – पण दाणा सरकत नाही. तो भार म्हणजे व्होल्टेज! फळी ओढली आणि दाणे वाहायला लागले, तो करंट! जन्मभर आम्ही ज्याला करंट म्हणतो तो करंट नाहीच. बल्ब लावायच्या आधी तारेत जे येऊन थांबते ते व्होल्टेज. 'करंट आला' म्हणून अख्खा गाव ओरडतो आणि आलेले असते दुसरेच!

फळी दहा वेळा उघडली, बंद केली. शेजारच्या मालनबाई डोकावल्या – "काय खेळून राह्यली व?" म्हटले, शिकून राह्यली.

२८ ऑगस्ट

मोटर भरून आली. बसवली. पण मी चालू करू दिली नाही. "कारण सापडल्याशिवाय बटनाले हात लावाचा नाही." हे म्हणाले, "गिऱ्हाईक इंद्रवेल्लीच्या गिरणीले जाऊन राह्यलं." जाऊ दे. परत जळाली तर गिरणीच जाणार आहे.

पुन्हा सुधाकररावांकडे. आता त्यांनाही चटक लागली आहे. मोटर फिरत नाही, आवाज करते, गरम होते – असे इंग्रजीत टाइप करून पाच पाने काढून ठेवली होती. घरी डिक्शनरी घेऊन बसले. एक शब्द सारखा येतो, 'हम'. अर्थ – गुणगुणणे. म्हणजे आमची मोटर गाणे गुणगुणत जळाली! दुसरा शब्द 'फेज'. अर्थ – चंद्राची कला. तीन कलांची मोटर, आणि एक कला हरवली की गुणगुणत जळते. हसून हसून डोळ्यांत पाणी आले.

४ सप्टेंबर

हसू गेले.

आज सगळे नीट लागले. मोटरला तीन तारा येतात, तीन फेज. तिन्ही हव्यात. एक जरी नसली तर मोटर जागची हलत नाही, गूं गूं करते आणि उरलेल्या दोन तारांमधून भलताच करंट ओढून – हा खरा करंट – स्वतःला जाळून घेते. आणि आपला बल्ब? तो एकाच फेजवर आहे. बाकीच्या मेल्या असल्या तरी तो लख्ख पेटतो.

बल्ब बघून 'आला!' कोण ओरडते? मी. तिन्ही वेळा मीच ओरडले. ह्यांनी माझ्या शब्दावर बटण दाबले. हात जड, हात जड म्हणून तीन वर्षे मी बोलत आले, चारचौघांत, मालनबाईंसमोर, माहेरीसुद्धा.

आज स्वयंपाकात मीठ दोनदा पडले.

५ सप्टेंबर

सांगून टाकले. सकाळीच, चहा देताना. चित्र काढून दाखवले – तीन तारा, एक बल्ब. "मोटर तुमी नाही जाळली. मी जाळली. तिन्ही डाव." आणि मला रडूच आले, हातात कपबशी घेऊन.

ह्यांनी चित्रातल्या तिन्ही तारांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "म्हंजे माहा हात जड नाही?"

"नाही."

"मालनबाईले सांगशीन?"

सांगितले. लगेच जाऊन सांगितले. मान खाली घालून, पण सांगितले! दुपारी मी हाक मारली – जेवण झाले, या. तर हे ओट्यावरून ओरडतात – "तिन्ही तारा पाह्यल्या काय?" आता हे जन्मभर ऐकायचे. ऐकेन.

९ सप्टेंबर

पोळा. बैल सजले, आणि मी फळी सजवली. लाकडी फळीवर तीन बल्बांचे तीन होल्डर, म्हणजे कुठली फेज नाही ते लगेच दिसेल. प्रत्येकाचे एक टोक वेगळ्या फेजला, दुसरे टोक तिघांचे मिळून न्यूट्रलला. मेन खाली पाडून, टेस्टर लावून, दोनदा खात्री करून जोडले. ह्यांनी बॅटरी धरली. स्टार्टर उघडला तर आत आगकाडी खोचलेली! मोटर गरम झाली की ती आपोआप बंद करणारा खटका असतो, त्यात. सारखा पडतो म्हणून कोणीतरी अडकवून ठेवला होता. हे जमिनीकडे बघायला लागले. मी म्हटले, राहू द्या, आता फिटंफाट झाली.

आगकाडी काढून चुलीत टाकली.

११ सप्टेंबर

दोन बल्ब पेटले, तिसरा नाही. "थांबा!" मी म्हणाले. थांबलो. करंट – नाही, सप्लाय – दीड तासाने पुरा आला. तिन्ही पेटले. हे माझ्याकडे बघतात, मी बल्बांकडे. "दाबा!"

फिरली! काय आवाज तो! ऑगस्टपासून ऐकला नव्हता. डब्यात पडून राहिलेली ज्वारी चाळून सुपात घेतली आणि पहिली तीच दळली. ह्यांच्या मिशीला पीठ. मालनबाईंनी डबा आणला, मग राहिलेले दहा डबेही आले.

२ ऑक्टोबर

हे लिहायलाच पाहिजे.

सकाळी तिन्ही बल्ब पेटले. पण एक लख्ख, दोन मंद, विझत्या निखाऱ्यासारखे लाल. हे म्हणाले, "तिन्ही हाय, दाबू?" मी हातच धरला. असे काही धड्यात होते! पाने चाळली. सापडले. ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या बाजूचा एक फ्यूज गेला, तर खाली एका फेजला पूर्ण व्होल्टेज आणि दोघांना अर्धे अर्धे. अगदी तस्सेच!

मग आठवले – त्याच ट्रान्सफॉर्मरवरचे शेतातले पंप! सगळ्यांच्या पंपांवर एकच बल्ब. तशीच पळाले, पायात चप्पल नाही. "मोटरी लावू नका! लावू नका!" पांडुरंगरावांचा वांग्याचा मळा पहिला. त्यांचा हात बटणावर होता. "काऊन व? करंट तं आला." ओरडले, "काका, करंट नाही आला, दुसरंच आलं!" त्यांनी हात काढला, बहुतेक घाबरूनच. ह्यांनी सायकलवरून दुसरी बाजू गाठली. नऊ मोटरी थांबवल्या आम्ही.

लाइनमन यादगिरी आला. पिक्चरला निघाल्यासारखा भांग पाडून. म्हणतो, "अक्का, लाइट तो जल रही ना, और क्या होना तुमको?" मी म्हटले, "ट्रान्सफार्मर का एक फ्यूज गया. ऊपर का. जाके देखो." हसला. सगळे मळेवाले भोवती उभे. लाज म्हणून गेला बिचारा. लाइन बंद करायला लावली, चढला. फ्यूज उघडून बघितला, परत बघितला. पांडुरंगराव खालून ओरडले – "क्या रे, गया है क्या?"

"गया है," म्हणाला.

अहाहा! अख्ख्या आयुष्यात एवढे गोड दोन शब्द ऐकले नाहीत! उतरल्यावर यादगिरीने विचारले, नीचे बैठ के कैसा मालूम पडा? म्हटले, या गिरणीत, दाखवते. आला. पाटावर बसून चहा घेतला, तिन्ही बल्बांचे चित्र स्वतःच्या डायरीत उतरवून घेतले.

१९ ऑक्टोबर

दसरा. गिरणीची पूजा झाली, फळीलाही हळदकुंकू. आत्तापर्यंत एकोणीस फळ्या करून दिल्या. पांडुरंगरावांनी वांगी आणि वर टोपलीभर आशीर्वाद दिले. उटनूरकडच्या जंगलातल्या गावाहून दोन माणसे बसने आली – "तीन बल्बवाली बाई कुठं राह्यते?" हे अभिमानाने म्हणाले, "इथंच. माही बायको हाय."

सुधाकररावांना आपट्याची पाने द्यायला गेले. त्यांनी नवे धडे काढून ठेवले होते – मोटर आतून कशी असते, तार कशी गुंडाळतात. "आता मलेबी थोडं थोडं समजून राह्यलं," म्हणाले.

८ नोव्हेंबर

निर्मलचा माणूस आला. नेमका दिवाळीत! म्हणे, मोटर जळाली असेल एव्हाना. ह्यांनी त्याला फराळ दिला, मग हात धरून गिरणीत नेले. तिन्ही बल्ब दाखवले. स्टार्टर स्वतः दाबला – कसा, तर एका बोटाने! – आणि आवाजाच्या वर ओरडून सांगितले, "इकाची नाही! आमच्या घरची लक्ष्मी हाय ते!"

तो माणूस मोटरीला हात लावून बघत राहिला. गरम नाही म्हणाला. जाताना त्याने मला आपला फोन नंबर दिला. कशाला, ते मी तेव्हा विचारले नाही.

२० नोव्हेंबर

पडवीत पाच जळक्या मोटरी येऊन पडल्या आहेत. लोक म्हणतात, तुम्हीच भरा. चाळीस पाने वाचून झाली. दिवसभर दळण, मोटरींना हात लावायला वेळ कुठे आहे? ठेवायला जागा नाही. भरायचे म्हणजे मोठी खोली लागेल, उजेड लागेल, पक्की फरशी लागेल. अशी एकच जागा आहे आमच्याकडे. चार दिवस तोच विचार करते आहे. ह्यांना अजून बोलले नाही.

२७ नोव्हेंबर

गिरणी विकली. ह्यांनी नाही – मी! निर्मलला फोन मीच लावला. जाते, पट्टा, मोटर, सगळे ट्रकमध्ये चढले. ह्यांचे डोळे भरून आले – "इतकी चांगली चालून राह्यली होती व! काऊन इकली?" म्हटले, पडवीतल्या पाच मोटरी ह्या रिकाम्या खोलीत आणायला हात लावा. पहिली मी आज उघडते आहे.