पिवळीचं नाव

अण्णा, आज मी लायब्ररीत एका मुलीला संशोधनाचे निबंध कसे शोधायचे ते शिकवत होते आणि मध्येच तुमचा खोकला आठवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो कानातून जात नाही.

कोपरखैरण्याचं ते एका खोलीचं घर. तुम्ही तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यातून येता, मोरीत हातपाय धुता, पाणी पिवळं वाहतं. मग रुमालाची गाठ सोडून गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवता. धुळीत काम करणाऱ्यांना कारखान्यातून रोज गूळ मिळायचा. गुळानं छातीतली धूळ उतरते म्हणे. मी एम.एस्सी.ला गेले तरी तो खडा कधी चुकला नाही. तुमचा खोकला वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "कारखान्यातली पावडर कसली ते कळलं तर काही बघता येईल." तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "पिवळी म्हंत्यात तिला. कवा कवा हिरवी बी येती." पिंपांवरचे कागद आधीच फाडलेले असायचे. सुपरवायझरला विचारलंत, तर तो म्हणाला, "नाव कशाला पायजे? बारसं करायचंय काय?"

मग नाव मीच शोधीन, असं मला वाटलं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तेव्हा नुकताच एक कॉम्प्युटर आला होता. त्यात सीडी घातली की जगभरच्या संशोधनाची यादी दिसायची. तो चालवणारे सर म्हणाले, "शब्द सांग, काय टाकू?" माझ्याकडे शब्दच नव्हता. "पिवळी पावडर, इंग्लिशमध्ये," मी म्हणाले. ते हसले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मग रंगाचे कारखाने, धूळ, फुप्फुसं असं टाकत गेलो, तर ढीगभर निबंध निघाले. पण पडद्यावर नुसता सारांश, आख्खा निबंध दिल्लीहून टपालानं मागवायचा. मागवला. घरी येऊन मी तुम्हाला म्हणाले, काम सोडा. तुम्ही भडकलात. "सोडतो की. मग काय खायाचं, तुझी पुस्तकं?" आई स्टोव्हकडे तोंड करून बसली होती.

टपाल आलं तेव्हा तुमचं तेरावं होऊन गेलं होतं. वरातीमागून घोडं. निबंधात कितीतरी रंगांची नावं होती. त्यातली आपली पिवळी कोणती, ते काही कळलं नाही. आणि कळलं असतं तरी उपाय एकच लिहिला होता: माणसाला त्या धुळीतून लवकर बाहेर काढा. एवढं तर आईलाही ठाऊक होतं.

आता मी अशाच एका लायब्ररीत नोकरी करते. बसल्या जागी आख्खे निबंध उघडतात. मुलांना वाटतं, शोधलं की सगळं सापडतं. हे पत्र टेबलाच्या खणात जाईल, दुसरीकडे कुठे टाकणार? पण एक सांगते, अण्णा. इतक्या वर्षांत लोकांसाठी काय काय शोधून दिलं. गुळानं खरंच छातीतली धूळ उतरते का, हे मात्र मी अजून शोधलेलं नाही. तुमच्या वाटणीचा सगळा गूळ मी खाल्लाय.