एका कागदावर एकच शिक्का

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
आवक-जावक विभाग

विषय : शिक्का मारल्यावर दहा मिनिटे रिकामे बसू देण्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ४.

महोदय,

१. आपल्या बदलीच्या आदेशावर आवकचा शिक्का एक्केचाळीस वेळा का मारला, अशी विचारणा झाली आहे. आदेश वाचता न आल्याने आपण अद्याप येथेच आहात, याबद्दल मी दिलगीर आहे. इतर टेबलांवरील मंडळी माझ्याहून अधिक दिलगीर आहेत.

२. मला स्किझोफ्रेनिया असल्याची नोंद सेवापुस्तकात आहेच. नऊ वर्षांपासून मला एक आवाज ऐकू येतो, एखाद्या निवृत्त हेडक्लार्कसारखा. गोळ्यांनी तो बराच मवाळला आहे. सदर शिक्क्यांत त्याचा हात नाही. तिसऱ्यालाच तो म्हणाला, "अहो, सरळ पडलाय, ठेवा आता." विसाव्याला काकुळतीला आला. परंतु शिक्का तिरका राहिला तर घरी कुणाचे तरी बरेवाईट होईल, या दोन वर्षांपासूनच्या भीतीपुढे त्याचेही काही चालेना.

३. हे ऐकून पत्नी म्हणाली, "एकदा तरी त्या आवाजाचं ऐकायचंत की हो!" नऊ वर्षे ती नेमके उलटे बजावत आली आहे. डॉक्टरीणबाईंच्या मते हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असून स्किझोफ्रेनियाच्या जोडीला तो पुष्कळांना होतो. उपाय असा, की एकच शिक्का मारावा, हात मांडीवर ठेवावेत आणि जीव वरखाली झाला तरी जागचे हलू नये.

४. त्यानुसार सवलत मागितली असता आस्थापना लिपिक म्हणाले, "रकाना एकच आहे, आजार एकच लिहा. दुसरा पुढल्या वर्षी बघू." शिवाय रिकामे बसणे हा कामचुकारपणा ठरतो, असे कळल्याने मी समोर फाईल धरून बसू लागलो. ती उलटी असल्याचे शिपाईमावशींनी निदर्शनास आणले.

५. काल मावशी समोर बसल्या. मी एकच शिक्का मारला आणि विचारले, "सरळ आहे ना?" त्या म्हणाल्या, "सांगणार नाही." घाम फुटला, मावशींचा रागही आला. आठव्या मिनिटाला पाहतो तो भीती ओसरलेली आणि कडकडून भूक लागलेली. असे गेल्या दोन वर्षांत घडले नव्हते.

६. तरी रोज दहा मिनिटे रिकामे बसण्यास, व तेवढा वेळ मावशींनी मला काहीही न सांगण्यास, मंजुरी मिळावी.

हा अर्ज मी लिहून झाल्यावर पुन्हा वाचलेला नाही. चुका आढळल्यास प्रकृतीस उतार पडल्याचे समजावे.

आपला नम्र,
(सही, एकदाच)
शिक्का कारकून, टेबल क्र. ४
दि. ११

सोबत : डॉक्टरांचे प्रमाणपत्र, दोन्ही आजारांसह.