आईचं मत

लेपाइओ दादा,

आपल्या टोकेलाऊ बेटांनी स्वतःचा कारभार स्वतःच्या नावाने चालवायचा की न्यूझीलंडच्या हाताखालीच राहायचं, यावर काल इथे राहणाऱ्यांचं मतदान झालं. दोन तृतीयांश लोकांचा 'हो' हवा होता. थोडक्यात हुकलं.

आज किनाऱ्यावर साऱ्या गावाच्या माशांची वाटणी चालली होती. तोमासी काका हसत म्हणाले, "सिउला, तुझ्या भावाने वेलिंग्टनला बसून मत दिलं म्हणे, आईच्या हाताने."

मी आईला विचारलं. "तो फोनवर म्हणाला, 'हो' झालं तर सामानाचं जहाज यायचं बंद होईल. मी घाबरले गं."

आईला इतर घरांइतकाच वाटा मिळाला. कोणी काय मत दिलं, हे वाटणाऱ्याने विचारलं नाही. ज्याच्याकडे होडी नाही, त्याच्याही घरी मासा जातो. अशा गावाला स्वतःचा कारभार जमणार नाही, हे तुला कोणी सांगितलं?

आईला वाईट वाटेल, म्हणून हे पत्र धाडणार नाही. पण मतदान पुन्हा होईल. तुला 'नको' म्हणायचं असेल तर इथे राहायला ये आणि स्वतःच्या तोंडाने म्हण. मी तुझ्या शेजारी उभी राहून 'हो' म्हणेन.

तुझं न ऐकणारी,
सिउला