कामाच्या वेळेत पाहिलेलं शहर

३ जून, सोमवार

आठवा दिवस. आईने डबा दिला. घेतला. दुकानाचा गणवेश चढवला आणि निघाले. कुठलं दुकान नि काय! त्या बाटिक कापडाच्या दुकानात मालकिणीची भाची आली आणि मी गेले, गेल्या सोमवारीच. बाबांच्या मागे माझ्या पगारावर घर चालतं. आईला कुठल्या तोंडाने सांगू? नवं काम मिळालं की एकदमच सांगेन.

तोवर संध्याकाळी पाचपर्यंत जायचं कुठे! एका जागी बसलं की कुणीतरी ओळखीचं भेटतं. म्हणून चालायचं.

५ जून, बुधवार

हॉटेलात विचारून आले. "पंचविशीच्या आतल्या हव्यात, ताई." मी एकोणतीस. म्हणजे म्हातारी! रागाने पूर्वेला जी सुटले ती लेम्पुयांगान स्टेशनच्या फाटकाशीच थांबले. बघते तर तिथे जत्रा! आया पोरांना भरवायला घेऊन आलेल्या — एक घास, एक आगगाडी. तिकीट नाही, काही नाही. जन्म या योग्यकार्ता शहरात गेला आणि मला याचा पत्ता नाही! एका आजीने सरकून जागा दिली. "तुझं पोर कुठाय?" म्हटलं, नाही. "मग स्वतःसाठी बघ. कोण अडवतंय!"

सात गाड्या बघितल्या. मजा आली. मजा आली म्हणून लाजही वाटली.

येताना आईला केळ्याची भजी घेतली. बाहेरून घरी रिकाम्या हाताने यायची रीतच नाही आपल्यात.

६ जून

पायाला फोड.

१० जून, सोमवार

पूर्वेकडच्या कोतागेदेपर्यंत पायी! दोन तास. चांदीवाल्यांच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटायचं. घराघरांतून टकटक, टकटक. एका कारागिराने खिडकीतून हाक मारली — "चोरून काय बघतेस? आत ये. बघायचे पैसे पडत नाहीत!" तासभर बघितलं. मग राजांच्या थडग्यांपाशी कुंडातले मिशाळ मासे. तेही फुकट.

निघताना तिथेच मिळणारे किपो घेतले. हिरवेगार, बोटाएवढे, आत गूळखोबरं. आईचा किपोवर जीव. एक तोंडात टाकून म्हणाली, "सकाळचेच आहेत." मी म्हटलं, दुकानातल्या एकीने आणले. "हो का," म्हणाली.

१२ जून, बुधवार

दक्षिणेला पाखरांच्या बाजारात गेले. एक म्हातारा आपल्या पारव्याला रागवत होता — "पाहुण्यांसमोर गप्प बसतोस होय रे?" मी अर्धा तास थांबले. पारवा घुमला नाही.

येताना तिकडचे नावाजलेले शेंगदाण्याचे पापड घेतले. आई म्हणाली, "दुकानातल्या बायका भारीच भटक्या बाई तुझ्या! परवा पूर्वेला, आज दक्षिणेला!" ती हसली. मीही हसले.

उद्यापासून काही आणायचं नाही. बस!

१३ जून

आणलं. फणसाची गोड भाजी. रिकाम्या हाताने दारात पाय ठेवला की चोरासारखं वाटतं. रोज खोटं बोलते, त्याचं काही नाही!

१८ जून, मंगळवार

राजवाड्याच्या दक्षिण चौकातले दोन वड. डोळे बांधून दोघांच्या मधून पार व्हायचं. मन साफ असलेलाच जातो म्हणे. भर दुपार, चौकात एका बर्फवाल्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. गळ्यातला रुमाल डोळ्यांवर बांधला. सरळच तर चालत होते! धडकले ती बर्फवाल्याच्या गाडीवर. "अगं ए बाई! वड तिकडे राहिले, पश्चिमेला!" खो खो हसला. "काय दडवलंयस एवढं मनात?"

गंमतच केली त्याने. मला रडू फुटलं. चौकात, गणवेशात. बिचारा घाबरला, सरबत दिलं, पैसेही घेतले नाहीत. शहर बघते रोज नवं, पण आईच्या डोळ्यांत बघवत नाही. हा कसला जन्म!

शुक्रवारी सांगणार. नक्की.

२१ जून, शुक्रवार

नाही सांगितलं. ओठांवर आलं होतं, तेवढ्यात डबा बांधता बांधता आई म्हणाली, "ऊन फार आहे, टोपी घेऊन जा."

दुकानात बसायला टोपी कशाला? कोपऱ्यावर पोचल्यावर सुचलं. तिला माहीत आहे? नसेल. असेल! आज कुठे कुठे चालले, काही आठवत नाही.

२२ जून, शनिवार

आईने डबा भरला नाही. गणवेश धुऊन वाळत घातलेला. मला समोर बसवलं. म्हणाली, "छापखान्याचं काम सुटल्यावर तुझे बाबाही अकरा महिने रोज असेच निघायचे. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांची मान खाली जायला नको म्हणून मी गप्प बसले. तेही गप्प. तसेच गेले. तू तरी बोल गं."

बोलले.