साहेबाच्या खोलीचं दार

यवतमाळ,
४ फेब्रुवारी १९६२

प्रिय इंदू,

तुझं कार्ड मिळालं. हिरासिंगची बदली इकडे झाली, कंपनीच्या जुन्या हापिसात बिऱ्हाड केलं, बाबा, एकदा या. एवढं लिहायला तुला सहा वर्षं लागली. अन् राहायला गावात दुसरी जागा मिळाली नाही?

त्या इमारतीत मी एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. गोऱ्या साहेबांची कापूस कंपनी. जिना चढतानाच माणूस आवाज खाली आणायचा. आता कुण्या शेठनं ती घेतली, मधे फळ्या ठोकल्या अन् म्हणे 'ब्लॉक' काढले. कसले ब्लॉक? गोठ्यात जनावरं बांधावी तसे बारा संसार. हॉलमध्ये पापड वाळतात, रेकॉर्डच्या खोलीत न्हाणी. तुमच्या खालचा कंपाउंडर तर गावभर सांगतो की आपण साहेबी थाटात राहतो. गाढवाला गुळाची चव काय!

साहेबाची खोली यावी तरी कोणाकडे? लखीरामच्या पोराकडे. लखीराम कापसाच्या गाड्या आणायचा, तेव्हा मी त्याला तासभर पायरीखाली उभा ठेवायचो, वर चढू द्यायचो नाही. त्याच्या पोराशी लग्न करते म्हणालीस तेव्हा मी जे बोललो ते तुला पाठ असेल. तांड्यावर जाऊन मर, माझ्या दारात पाय ठेवू नको. तुझी आई शेवटपर्यंत त्यावरून माझ्याशी भांडली, मी ऐकलं नाही.

कार्डाला उत्तर देणार नव्हतो. पण काल भाजीला निघालो अन् पाय तिकडेच वळले. दार अर्धं उघडं होतं. तू पाठमोरी कणीक मळत होतीस, पोरगी तुझ्या गळ्यात लोंबकळत होती. अन् मी काय करावं? जोडे काढले, कोटाची बटणं लावली, टोपी सारखी केली अन् हात बांधून बाहेर उभा राहिलो, आतून बोलावतील म्हणून. त्या खोलीत मला कुणी कधी 'बसा' म्हटलं नाही, इंदू. तिथंही तासतासभर उभंच ठेवायचे. लखीरामची अन् माझी गत एकच होती, हे हेडक्लार्काच्या डोक्यात शिरायला एकसष्ट वर्षं लागली. थू अशा हुशारीवर.

तेवढ्यात हिरासिंग पाण्याची बादली घेऊन जिना चढून आला. म्हणाला, "आत जा ना बाबा, बाहेर काहून उभे राह्यले?" मी 'पत्ता चुकला' म्हणून जोडे हातात घेऊनच खाली उतरलो. त्यानं तुला सांगितलं नसेल. माणूस शहाणा दिसतो.

म्हणून हे पत्र. अर्ध्या कोसावरून टपाल धाडतो, हसशील. रविवारी सकाळी येतो. दार सताड उघडं असलं तरी माझ्यानं आपणहून आत पाय टाकवणार नाही. पोरीला सांगून ठेव. तिचं नावही मला माहीत नाही. तिनं आतून 'या, बसा' म्हटलं की येईन. खुर्ची तुमच्याकडे नसेलच, चटई चालेल. अन् लखीरामलाही बोलाव. त्याला माझ्या आधी बसव.

तुझाच,
बाबा