बाई घरी नाहीत

बाई, तुमच्या लाकडी डस्टरचा आवाज मला अजून ऐकू येतो. लघूला टेबलाच्या कडेवर हलकी टिचकी, गुरूला जरा दाबून ठोका. टक्, ठाक, ठाक. टक्, ठाक, ठाक. लगागा, लगागा. बार्शीच्या शाळेतला तो पत्र्याचा वर्ग, वर पत्रा तापून कडकड वाजतोय, खडूची पूड तुमच्या निळ्या काठाच्या पातळावर उडतेय आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात भुजंगप्रयात घोकतोय. माझी नजर खिडकीबाहेर गेली की ठोका थांबायचा. "काय कविराज, कुठवर पोचलात?" वर्ग हसायचा. मी उभा राहून कविता मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता म्हणायचो. मग तुम्ही म्हणायचात, "पाठ आहे म्हणून सोडते. पण अंगानं वर्गात नि मनानं वेशीबाहेर, हे लक्षण बरं नव्हे."

आज पंच्याहत्तरी ओलांडल्यावर तुम्हाला लिहायला बसलोय, ते माफी मागायला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. भांडायला बसलोय. आत्ताच बायको डोकावून गेली. "कुणाला लिहिताय एवढं?" म्हटलं, बाईंना. "अहो, त्यांना जाऊन अडतीस वर्षं झाली!" म्हटलं, म्हणून तर. आता त्या मला मधेच थांबवून शुद्धलेखन विचारणार नाहीत. "धन्य आहे," म्हणाली आणि स्वयंपाकघरात परतली. इथे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या या अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघंच असतो. खिडकीतून दिसतो तो पार्किंग लॉट आणि एक मेपल. बाहेर बघत बसायची सवय गेलेली नाही, एवढं तुमच्या कानावर घालतो.

भांडणाचं कारण असं. आमची एकुलती एक लेक टेक्सासला, फ्रिस्कोत राहते. गेल्या रविवारी तिचा फोन आला. आवाजातच आनंद होता. नवी नोकरी मिळाली, मोठं पद, महिन्यातले पंधरा दिवस प्रवास. नवरा घर सांभाळायला तयार आहे, सात वर्षांचा मुलगा विमानांची नावं पाठ करतोय. "बाबा, फायनली तुझ्यासारखी झाले!" ती म्हणाली. आणि मी, ज्यानं आयुष्यातली ऐन सहा वर्षं बॅग रिकामी न करता काढली, तो काय बोललो असेन? म्हणालो, "बघ हं. सदा निघालेल्या माणसाची मुलांना पाठ ओळखू येते, चेहरा नाही."  मग एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "तू सांगतोयस हे? यू?" आणि फोन ठेवला. त्याला आज सहा दिवस झाले. मी तीनदा केला, उचलत नाही. आईशी बोलते, माझं नाव निघालं की "बिझी आहे, नंतर करते" म्हणते.

बाई, ते वाक्य तुमचं होतं. तुमच्या शेवटच्या पत्रातलं. मी त्याला कधी उत्तर दिलं नाही, कारण ते मला मान्य नव्हतं. आणि न मानलेलं वाक्य चाळीस वर्षांनी माझ्याच तोंडातून, माझ्याच लेकीवर जाऊन पडतं, म्हणजे काय? म्हणून आज उत्तर देतोय. ऐका.

अमेरिका म्हटलं की गावातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे बर्फ यायचा. माझ्या अमेरिकेत नारळ होते. त्र्याऐंशी साली आम्ही सेंट क्रॉयला गेलो. कॅरिबियन समुद्रातलं छोटंसं बेट, झेंडा अमेरिकेचा, पण मोटारी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायच्या, आपल्यासारख्या. नदी नाही, तळं नाही. पावसाचं पाणी छपरावरून उतरून घराखालच्या टाकीत साठायचं. म्हणजे आम्ही अक्षरशः पाण्यावर झोपायचो, आणि लेक जमिनीला कान लावून "आज किती उरलंय" ते सांगायची. बाकी पाणी समुद्राचं. ते उकळायचं, त्याची वाफ धरायची, थंड करायची, गोड पाणी करायचं, हे माझं काम. आसपासच्या बेटांवर आणि वर मायामीपर्यंत अशी यंत्रं होती आणि ती बिघडली की मला बोलावणं यायचं. कधी वीस माणसांचं विमान, कधी पाण्यावर उतरणारं, कधी वाटभर कलकलणाऱ्या कोंबड्यांच्या टोपलीशेजारी. आडावर पहाटे घागर धरून रांगेत उभा राहिलेला मुलगा मी, बाई. तिथे एखाद्या वस्तीत दोन दिवसांनी नळ वाहायला लागला की बायका भांडी वाजवायच्या. ज्या गावाला पाणी नाही तिथे जाणं याला तुम्ही भटकणं म्हणालात?

आणि तिथली माणसं! दुकानात शिरताना आधी सगळ्यांना मोठ्यानं "गुड मॉर्निंग" म्हणायचं, मगच काय हवं ते मागायचं. मी पहिल्या दिवशी नुसताच "ब्रेड" म्हणालो, तर काउंटरमागची म्हातारी म्हणाली, "आपण एका ताटात जेवलो होतो का काल रात्री?" तुमचीच बहीण वाटली. मी बाहेर गेलो, परत आत आलो आणि नमस्कार केला. बेट शिकवतं, बाई. मी वेशीबाहेर जाऊन शिकलो.

तुम्ही मला इंजिनियरिंगला जाताना जी वही दिलीत, स्वतःच्या अक्षरात कविता उतरवलेली, ती प्रत्येक फेरीला बॅगेत होती. तपासणीवाल्यानं एकदा ती पानापानानं चाळली. "हे काय आहे?" कविता. "फळं, बिया, माती?" म्हटलं, माती थोडी असेल. तो हसला नाही. विमानाचा पंखा आणि आमचे पंप, दोन्ही लगागाच्या चालीवर चालायचे, आणि त्या आवाजात मी तुमची अख्खी वही म्हणून काढायचो. विसरलो नाही. एक ओळसुद्धा नाही. हा झाला पहिला पुरावा.

दुसरा पुरावा तुम्हाला ऐकून हसू येईल. तेव्हा दूरचा फोन महाग. पण ऑपरेटरला सांगून ठरावीक व्यक्तीच्या नावानं "पर्सन-टू-पर्सन" फोन लावता यायचा: ती व्यक्ती घरी असली तरच बिल, नसली तर फुकट. ऑपरेटर विचारणार, "अमुक आहेत का?" घरचे म्हणणार, "नाहीत." झालं! प्रवासी सुखरूप पोचला हे घरी कळलं, आणि बिल शून्य. न्यू जर्सीतले निम्मे मराठी लोक तेव्हा कुठल्या तरी नसलेल्या काकांना शोधत असायचे. आमच्या घरी मी तुम्हाला शोधायचो. "मिस" आणि पुढे तुमचं चार अक्षरी आडनाव. ऑपरेटर बायका त्याचे काय काय तुकडे करायच्या! पण लेक बरोबर ओळखायची. पाच वर्षांची होती, फोन घेण्याचा मान तिचा. "नो, शी इज नॉट होम." तिला त्या "फोनवाल्या बाई." एकदा तिनं मला विचारलं, "बाबा, बाई कुठे राहतात?" म्हटलं, भारतात. "मग तू त्यांना आपल्या घरात का शोधतोस?"  तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी नाव बदला. गेलेल्या माणसाला असं हाका मारू नये." मी बदललं नाही. एकोणनव्वदच्या वादळात आमचं छप्पर उडालं, आम्ही इकडे उत्तरेला आलो, तोवर तुम्ही महिन्यातून चारदा आमच्या घरी नसायचात. सांगा आता, कोण विसरलं?

असं सगळं तुमच्यापुढे मांडलं, आणि मघापासून पेन एका जागी अडलंय. बायकोनं चहा आणून ठेवला, तोही निवला. वर्गात मी कविता म्हणताना एखादं कडवं हळूच गाळलं, तर तुम्ही ओरडायचा नाहीत. डस्टर नुसतं हातात धरून थांबून राहायचात. तशाच थांबल्यासारख्या वाटताय.

तर गाळलेलं कडवं. पंच्याऐंशी साल, मायामीचा विमानतळ. सलग तीन आठवडे मी घराबाहेर होतो. त्यात तिचा सातवा वाढदिवस होऊन गेलेला. मी नेहमीसारखा फोन लावला. ऑपरेटरनं तुमचं नाव विचारलं.  मग माझी लेक, अगदी जाड, म्हाताऱ्या बाईसारखा आवाज काढून म्हणाली, "येस. स्पीकिंग." तिला माझ्याशी बोलायचं होतं, बाई. इतकंच. तिला युक्ती कळली होती: "आहे" म्हटलं की बाबा फोनवर येतो. ऑपरेटरला हसू आलेलं मला ऐकू येत होतं. तिनं मला विचारलं, "इज धिस युअर पार्टी, सर?" तुम्हाला हवी असलेली व्यक्ती हीच का? माझ्या मागे रांग होती, पुढच्या विमानाची हाक झाली होती. मी म्हणालो, "नो. ही ती नव्हे." लाइन उघडी होती. लेकीनं ऐकलं. तिचा श्वास मला ऐकू आला, आणि मग फोन बंद झाला.

 बायकोला हे आजवर ठाऊक नाही. पुढच्या फेरीला तिनं "शी इज नॉट होम" असं काही कोरडं, मोठ्या माणसासारखं सांगितलं की ऑपरेटर तिला "थँक यू, मॅम" म्हणाली. आणि त्यानंतर मी आलो की ती दाराशी धावत यायची थांबली. आपल्या खोलीतूनच हाक मारायची, "हाय बाबा."

तुमचं पत्र त्यानंतर आठ दिवसांनी आलं. मी प्रवासाच्या बढाया मारत लिहिलेल्या पत्राचं ते उत्तर होतं, तुम्हाला यातलं काहीच माहीत असणं शक्य नव्हतं. निळ्या कागदाची घडी उघडली, पाठ नि चेहऱ्याचं ते वाक्य वाचलं आणि तुमच्या वहीत ठेवून दिलं. ते चुकीचं होतं म्हणून उत्तर दिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. एवढीच कबुली, बाकी एकही शब्द मागे घेत नाही. मी गेलो ते बरं केलं. पुन्हा जाईन. लेकीनंही जावं, खुशाल पंधरा नव्हे पंचवीस दिवस जावं. चूक जाण्यात नव्हती. "हीच ती" म्हणायला एक क्षण लागला असता, तो मी दिला नाही. आणि रविवारी तिला हे सांगायचं सोडून मी तिच्यावर तुमचं वाक्य फेकलं. हे पत्र टाकायचं तर पेटी कुठली, पत्ता कुठला? तुमच्या पत्राशेजारी वहीत

थांबा. बेल वाजतेय. बायको ओरडतेय, "बघा हो, पार्सल असेल, माझे हात पिठाचे आहेत."

बाई, उभ्या उभ्याच लिहितोय. दाराशी गेलो. उघडायच्या आधीच पलीकडून नाकातला, हेलकाव्याचा आवाज आला, "पर्सन-टू-पर्सन कॉल फॉर मिस..." आणि पुढे तुमचं आडनाव, चारही अक्षरं जिथल्या तिथे. दार उघडलं. लेक उभी. नव्या नोकरीच्या पहिल्याच फेरीवर निघालेली, हातात चाकांची बॅग, वाकडी वाट करून आलेली, चेहरा अजून रागावलेला. "इज शी होम?"

मी म्हणालो, "येस. आहेत घरी."

ती आत आली नाही. उंबऱ्यापलीकडेच राहिली, आणि तो नाकातला आवाज सोडून, अगदी हळू, तिनं विचारलं, "इज धिस युअर पार्टी, सर?"

"येस, ऑपरेटर," मी म्हणालो. "हीच ती."